लपवणारा आणि सांगून टाकणारा : जपानी ओताकूंच्या हलक्याफुलक्या समलिंगी प्रेमकथा समजून घेताना

जपानमधील अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) आणि मांगा (जपानी चित्रकथा) यांच्या चाहत्यांभोवती, म्हणजेच ओताकूंभोवती, रचलेल्या हलक्याफुलक्या समलिंगी प्रेमकथांचा आरंभ बहुधा एकाच प्रकारच्या गोंधळाने होतो. कार्यालयात किंवा वर्गात एक तरुण असतो, जो कमी बोलतो, जेवणाच्या सुट्टीत मोबाइलमध्ये डोके घालून बसतो, आणि ज्याच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात एका काल्पनिक पात्राचा बिल्ला कोणाला दिसणार नाही अशा बेताने लावलेला असतो. त्याच मजल्यावर दुसरा एक तरुण असतो. तो सर्वांशी हसून बोलतो, त्याचे कपडे नीटनेटके असतात, वरिष्ठांचा तो लाडका असतो, आणि अ‍ॅनिमे म्हणजे लहान मुलांचे काहीतरी, अशी त्याची समजूत असते किंवा निदान तसे तो भासवतो. कधीतरी पहिल्याची बॅग उपडी होते, बिल्ला घरंगळत दुसऱ्याच्या बुटापाशी जाऊन थांबतो, आणि पुढच्या दोनशे पानांत या दोघांचे जुळणार हे वाचकाला तिथेच कळून चुकते.

डोरेमॉन आणि शिनचॅन हिंदीतून पाहत मोठी झालेली महाराष्ट्रातील मुले आता मूळ जपानी आवाजातले अ‍ॅनिमे पाहू लागली आहेत आणि त्या वाटेने अशा कथाही त्यांच्यापर्यंत पोहोचल्या आहेत. वाचायला त्या सोप्या असतात. पण त्यांतले निम्मे विनोद नव्या वाचकाच्या हातून निसटतात, कारण त्या विनोदांमागे जपानी चाहत्यांच्या जगाचा पन्नासेक वर्षांचा इतिहास, त्यांचे शिष्टाचार आणि त्यांची आपसातली भांडणे गृहीत धरलेली असतात. दोन विरुद्ध स्वभावांचे पुरुष एकमेकांकडे ओढले जातात एवढे कळून भागत नाही. त्यांच्यातला विरोध नेमका कशाचा, हे पाहावे लागते. एक अबोल आणि दुसरा बोलका, एक ठेंगणा आणि दुसरा उंचापुरा, हा झाला वरवरचा फरक. खरा फरक असा की, मनापासून आवडणारी गोष्ट एकजण चारचौघांत सांगून टाकतो आणि दुसरा ती जिवापाड लपवतो. या कथांची सारी गंमत आणि त्यांची सारी मर्यादाही या लपवण्यात आहे, असे माझे मत आहे.

लपवण्याचे कारण समजण्यासाठी 'ओताकू' हा शिक्का कसा तयार झाला ते पाहिले पाहिजे. १९८३ साली नाकामोरी अकिओ या लेखकाने 'मांगा बुरिक्को' या मासिकातील आपल्या सदरात मांगा-अ‍ॅनिमेत बुडालेल्या, लोकांत वावरताना अवघडणाऱ्या तरुणांना हे नाव दिले, आणि ते कौतुकाने दिलेले नव्हते. १९८९ मध्ये लहान मुलींच्या हत्यांच्या प्रकरणात एका तरुणाला अटक झाली, तेव्हा त्याच्या खोलीतील व्हिडिओ कॅसेटींचे ढीग दूरचित्रवाणीवर वारंवार दाखवले गेले. त्यानंतरची कित्येक वर्षे आपण ओताकू आहोत असे सांगणे म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात संशय पेरणे ठरले. हे मळभ ओसरायला २००४ साल उजाडावे लागले. एका बुजऱ्या ओताकूने आगगाडीत एका तरुणीला त्रास देणाऱ्या दारुड्याला अडवले आणि पुढे इंटरनेटवरील अनोळखी मंडळींचा सल्ला घेत घेत तिच्याशी मैत्री वाढवली, ही कथा त्या वर्षी पुस्तकरूपाने आली; २००५ मध्ये तिच्यावर चित्रपट आणि मालिका दोन्ही निघाले. ओताकू हा प्रेमकथेचा नायक होऊ शकतो, ही कल्पना घराघरांत पोहोचली ती तेव्हा. ती कथा स्त्री-पुरुष प्रेमाची होती, परंतु पुढच्या सर्व ओताकू नायकांना, समलिंगी नायकांनाही, तिने जागा करून दिली.

आज जपानमध्ये आपल्या आवडत्या पात्राला, गायकाला किंवा कलाकाराला 'ओशी' म्हणतात आणि त्या ओशीसाठी वेळ व पैसा खर्च करणे हा उजळ माथ्याने सांगण्याजोगा छंद झाला आहे. तरीही कार्यालयात त्याचा पत्ता लागू न देणारे लपलेले ओताकू पुष्कळ आहेत. शाळा-महाविद्यालयांतील मुले माणसांची विभागणी 'इनक्या' आणि 'योक्या' अशी करतात. इनक्या म्हणजे सावलीत राहणारा, घोळक्यात न रमणारा, आणि योक्या म्हणजे उन्हातला, वर्गाच्या मध्यभागी उभा राहून सर्वांना हसवणारा. ओताकू हा इनक्याच असणार, असे सर्वजण धरून चालतात. प्रेमकथा लिहिणाऱ्याला अशी ठाम समजूत आयती मिळाली की त्याचे अर्धे काम झालेले असते, कारण आता त्याला एवढेच करायचे असते की, त्या हसऱ्या, लोकप्रिय योक्याच्या घराचे दार उघडायचे आणि आत भिंतभर मांगा दाखवायचे.

आता या कथांच्या दुसऱ्या मुळाकडे, म्हणजे दोन पुरुषांमधील प्रेमाच्या ज्या कथाप्रकाराला आज 'बॉईज लव्ह' किंवा थोडक्यात 'बीएल' म्हटले जाते त्याकडे वळू. हा प्रकार मुख्यतः स्त्रियांनी स्त्रियांसाठी घडवला, हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटते. १९७० च्या सुमारास तोक्योच्या नेरिमा भागातील ओइझुमी येथे ताकेमिया केइको आणि हागिओ मोतो या दोन तरुण मांगाकार एका घरात राहत होत्या. शोवा कालगणनेच्या २४व्या वर्षाच्या, म्हणजे १९४९ च्या आसपास जन्मलेल्या त्यांच्या पिढीतील मांगाकार स्त्रियांना पुढे 'चोवीस सालचा गट' म्हणण्यात आले. मुलींसाठीच्या मासिकांत त्या काळी नायिकेने काय करावे आणि काय करू नये याच्या चौकटी पक्क्या होत्या. त्या चौकटींबाहेरचे प्रेम, ईर्ष्या, शरीर आणि एकटेपणा यांविषयी लिहिण्यासाठी या लेखिकांनी मुलगे नायक म्हणून निवडले आणि कथा दूरच्या युरोपात नेल्या. हागिओ यांची १९७४ मधील प्रसिद्ध कथा जर्मन वसतिगृह-शाळेत घडते आणि एका मुलाच्या मृत्यूने सुरू होते. ताकेमिया यांची १९७६ पासून आलेली दीर्घ कथा फ्रान्समधील निवासी शाळेतील दोन मुलांची आहे आणि तिचाही शेवट शोकाचा आहे. १९७८ मध्ये या अभिरुचीला वाहिलेले, पुढे 'जुने' (JUNE) या नावाने गाजलेले मासिक निघाले. सुंदर, दुःखी आणि दूरदेशी, असे त्या काळातील पुरुष-प्रेमकथांचे रूप होते. त्यात हसू कोठेही नव्हते.

हसू आले ते मासिकांच्या बाहेरून, चाहत्यांनी स्वतःच्या खर्चाने छापलेल्या पुस्तिकांतून. अशा पुस्तिकांना 'दोजिनशी' म्हणतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अशा पुस्तिका काढणाऱ्या मंडळांतील लेखिकांनी आपल्याच लेखनाची थट्टा करण्यासाठी 'कळस नाही, शेवट नाही, अर्थ नाही' असे वर्णन वापरात आणले, आणि त्या तीन जपानी शब्दप्रयोगांच्या आद्याक्षरांवरून 'याओइ' हे नाव अशा कथांना रूढ झाले. स्वतःला फार गंभीरपणे न घेण्याची ही वृत्ती महत्त्वाची आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यावर मुलांसाठी लिहिलेल्या फुटबॉलच्या एका अतिशय लोकप्रिय कथेतील खेळाडूंना प्रेमात पाडणाऱ्या हजारो दोजिनशी मुलींनी काढल्या. मैदानावर एकमेकांना खुन्नस देणारे दोन प्रतिस्पर्धी पाहून 'यांचे खरे तर एकमेकांवर प्रेम आहे' असे म्हणण्याची मौज त्यांनी शोधून काढली होती. विरुद्ध स्वभावांच्या आकर्षणाचे सूत्र बीएलमध्ये भक्कम बसले त्याचे श्रेय मी तरी या खोडकर वाचनाला देईन, कारण मूळ लेखकाने शत्रू म्हणून समोरासमोर उभे केलेले दोघे चाहत्यांना जोडी म्हणून आयतेच मिळत होते.

या सर्व व्यवहाराचे मोठे ठिकाण म्हणजे 'कॉमिक मार्केट', ज्याला सगळे 'कोमिके' म्हणतात. २१ डिसेंबर १९७५ रोजी तोक्योच्या तोरानोमोन भागातील एका सभागृहात तो प्रथम भरला, तेव्हा ३२ मंडळे आणि सुमारे ७०० माणसे आली होती, आणि त्यांत शाळकरी मुलींची संख्या फार मोठी होती. आज तो ऑगस्ट आणि डिसेंबरमध्ये, आरिआके येथील तोक्यो बिग साइट या प्रचंड प्रदर्शन-संकुलात भरतो. ऑगस्ट २०१९ मध्ये चार दिवसांची उपस्थिती ७ लाखांच्या वर गेली होती. तेथे 'ग्राहक' कोणी नसतो. पुस्तिका विकणारा, विकत घेणारा आणि रांगा लावणारा स्वयंसेवक या सर्वांना एकच नाव आहे, सहभागी. दुसऱ्याच्या पात्रांवर पुस्तिका काढणे कायद्याच्या काटेकोर अर्थाने स्वामित्व हक्काचा भंग ठरू शकते. परंतु असा खटला साधारणपणे मूळ हक्कधारकाने तक्रार केल्यावरच उभा राहतो, आणि हक्कधारक बहुतेक वेळा काणाडोळा करतात. २०१८ च्या अखेरीस लागू झालेल्या दुरुस्तीने तक्रारीविना कारवाईची मुभा दिली ती मुख्यतः मूळ कृती जशीच्या तशी विकणाऱ्यांविरुद्ध, त्यामुळे दोजिनशीचे जग मोठ्या धक्क्यातून वाचले.

प्रेमकथेच्या दृष्टीने कोमिकेची सर्वांत उपयोगी गोष्ट वेगळीच आहे. तेथे प्रत्येकजण टोपणनावाने वावरतो. वर्षानुवर्षे शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाचे खरे नाव, त्याचा हुद्दा, त्याचे गाव यांची विचारपूस करणे शिष्टाचारात बसत नाही. त्याची चित्रे, त्याची आवडती जोडी आणि छपाईच्या मुदतीच्या आदल्या रात्री त्याने केलेला आक्रोश मात्र सर्वांना ठाऊक असतो. त्यामुळे एका माणसाची दोन आयुष्ये सहज निर्माण होतात. सोमवार ते शुक्रवार ज्या सहकाऱ्याशी पटत नाही तोच आपल्या सर्वांत लाडक्या पुस्तिकांचा अनाम चित्रकार आहे, असे कथेच्या मध्यावर उघड होणे हे या प्रकारातील हुकमी वळण आहे, आणि ते जुळवून आणलेले असले तरी या जगात अशक्य नाही.

विरोधाचे आणखी बारीक धागे चाहत्यांच्या सवयींमध्ये आहेत आणि चांगला लेखक तेच वापरतो. जपानमध्ये अ‍ॅनिमेचे नवे हंगाम जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये सुरू होतात; म्हणून एक नायक दर तीन महिन्यांनी नव्या पात्रावर जीव ओवाळून टाकतो, तर दुसऱ्याने दहा वर्षे एकाच पात्राशी इमान राखलेले असते आणि पहिल्याच्या चंचलपणाने त्याचे पित्त खवळते. एकजण वस्तू जमवतो, दुसरा केवळ लिहितो व चित्रे काढतो आणि वस्तूंना हात लावत नाही. बिल्ले आणि छोटी पारदर्शक उभी चित्रे बंद पाकिटांत विकली जातात, आत कोणते पात्र निघेल हे घेणाऱ्याला कळत नाही. म्हणून तोक्योच्या इकेबुकुरो भागातील 'अ‍ॅनिमेट' या अ‍ॅनिमे-वस्तूंच्या दुकानसाखळीच्या मुख्य दुकानाच्या परिसरात अनोळखी माणसे एकमेकांशी बिल्ल्यांची अदलाबदल करताना दिसतात. भेटीचा प्रसंग लिहिणाऱ्याला याहून सोयीची जागा शोधून सापडणार नाही. काही चाहत्यांना आपल्याच ओशीवर भक्ती करणारा दुसरा कोणी जवळपासही नको असतो. एकाला हे असे सवतीमत्सराचे वेड आणि दुसऱ्याला त्याच पात्राविषयी मनमोकळे बोलायला सोबती हवा, अशी जोडी जमवली की पन्नास पाने भांडणात आनंदाने निघून जातात.

सर्वांत तिखट वाद असतो तो जोडीतील क्रमाचा. चाहते दोन पात्रांची नावे मध्ये फुली देऊन लिहितात. आधीचे नाव पुढाकार घेणाऱ्याचे, म्हणजे 'सेमे'चे, आणि नंतरचे तो पुढाकार स्वीकारणाऱ्याचे, म्हणजे 'उके'चे. तीच दोन नावे उलट्या क्रमाने लिहिली की ती निराळी जोडी, निराळे टेबल आणि कधी कधी निराळे मित्रमंडळही होते. बाहेरच्या माणसाला हा फरक शेंग कोणत्या बाजूने सोलावी यावरच्या भांडणासारखा वाटेल; आतल्या माणसाला तो पात्राचा स्वभाव आपण कसा वाचला याचा प्रश्न वाटतो, आणि 'आपले अर्थ जुळत नाहीत' एवढे एक वाक्य मैत्री तुटायला पुरते. दोन नायक एकाच जोडीचे भक्त, पण क्रमाने विरोधी, ही कल्पना विनोदी कथेला पुरून उरते. कारण मग त्यांच्या स्वतःच्या नात्यात कोण पुढे होणार, यावर दोघांकडेही भरपूर सिद्धान्त असतात आणि अनुभव मात्र शून्य असतो.

येथेच जुन्या बीएलपासून या कथा वेगळ्या होतात. १९९० च्या दशकात व्यावसायिक बीएल मासिके वाढली, तेव्हा सेमे म्हणजे उंच, रुंद खांद्यांचा, श्रीमंत वा अनुभवी, आणि उके म्हणजे नाजूक, मोठ्या डोळ्यांचा, लाजरा, असा साचा घट्ट झाला होता. दोघांमधला विरोध म्हणजे शरीर आणि सत्ता यांचा विरोध, आणि त्यातून जबरदस्तीलाही प्रेम म्हणवून घेणाऱ्या कथा त्या काळात कमी नव्हत्या. नायकच बीएलचा वाचक झाला की हा साचा आपोआप उघडा पडतो, कारण तो आता कथेबाहेरचा नियम राहत नाही, पात्राच्या डोक्यातला पूर्वग्रह होतो. पुरुष असून बीएल वाचणाऱ्याला 'फुदान्शी' म्हणतात. तो सगळीकडे जोड्या पाहतो. कॅन्टीनमध्ये एकाच ताटातले खाणारे दोन वर्गमित्र, रेल्वेत एकमेकांच्या खांद्यावर झोपलेले दोन कर्मचारी, सर्वांविषयी त्याच्याकडे कथा तयार असते. फक्त त्याच्यासमोर उभा राहून लाजेने लाल झालेला माणूस कशासाठी लाजतो आहे, ते त्याला उमगत नाही.

याचे मला आवडलेले उदाहरण म्हणजे हारुसोनो शो यांची 'सासाकी तो मियानो' ही मांगा मालिका, जी २०१६ पासून प्रथम इंटरनेटवर आली आणि जिच्यावरील अ‍ॅनिमे जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाले. मुलांच्या शाळेत शिकणारा मियानो आपल्या मुलीसारख्या चेहऱ्यामुळे खट्टू असतो आणि बीएल वाचण्याचा छंद लपवून असतो; वरच्या वर्गातील सासाकी हा थोडा उनाड दिसणारा, बेधडक मुलगा त्याच्या मागे लागून तीच पुस्तके उसनी नेऊ लागतो. पुस्तके देणे-घेणे हाच त्यांच्या भेटींचा बहाणा होतो. विरोध येथे फार छान वापरलेला आहे, कारण प्रेमकथांचे सारे नियम पाठ असलेला मियानो स्वतःच्या मनाविषयी शेवटपर्यंत चाचपडतो, आणि ज्याने यापूर्वी असे एक पानही वाचलेले नाही तो सासाकी आपले मन लवकर ओळखतो व स्पष्ट बोलतो. सासाकीने मन उघड केल्यावर मियानो उत्तर द्यायला बराच काळ घेतो आणि कथा त्याला तो घेऊ देते. ज्या वाचकांना 'घटना' हव्या असतात त्यांना ही मालिका संथ वाटेल, आणि ती तशी आहेही.

प्रौढांच्या कथांकडे मोठा प्रेक्षक वळवला तो दूरचित्रवाणीने. २०१८ मध्ये 'टीव्ही असाही' या वाहिनीवर कार्यालयातील तीन पुरुषांच्या प्रेम-त्रिकोणाची विनोदी मालिका लागली आणि तिचे नावच त्या वर्षीच्या जपानमधील गाजलेल्या शब्दांच्या पहिल्या दहांत गेले. २०२० च्या ऑक्टोबरपासून टीव्ही तोक्योवर आलेली 'चेरी माहो' ही मालिका तर विरुद्ध स्वभावांचाच पाठ आहे. तिशी गाठेपर्यंत कोणाच्याही जवळ न गेलेल्या आदाची या कर्मचाऱ्याला स्पर्शातून दुसऱ्याचे मन वाचण्याची शक्ती मिळते, आणि कार्यालयातील सर्वांत देखणा, सर्वांत कर्तबगार सहकारी कुरोसावा आपल्यावर अनेक वर्षे मुकाट्याने प्रेम करतो हे लिफ्टच्या गर्दीत त्याला कळते. बाहेरून निर्विकार असलेल्या त्या देखण्या माणसाच्या मनात आदाचीविषयी जे काही उसळत असते, ते एखाद्या ओशीपुढे भान हरपलेल्या चाहत्याच्या बोलण्याहून तसूभरही वेगळे नसते, आणि विनोद तेथेच आहे.

अशा कथांवर गंभीर आक्षेपही घेतले गेले आहेत आणि ते डावलून त्यांच्याविषयी बोलणे अपुरे होईल. १९९२ मध्ये सातो मासाकी या समलिंगी कार्यकर्त्याने एका छोट्या स्त्रीवादी नियतकालिकात याओइवर कडाडून टीका केली. समलिंगी पुरुषांना देखणे खेळणे बनवून त्यांच्यावर स्त्रियांनी करमणूक करून घ्यायची आणि प्रत्यक्षातील समलिंगी माणसांच्या जगण्याशी मात्र काही देणेघेणे ठेवायचे नाही, असा त्याचा आरोप होता. त्यावर वाचक स्त्रियांनी उत्तरे दिली, काहींनी तो आरोप अंशतः मान्यही केला, आणि हा वाद काही वर्षे चालला. समलिंगी पुरुषांसाठीची मासिके तोपर्यंत वेगळ्या वाटेने चालली होती. 'बाराझोकु' हे त्यांतले नावाजलेले मासिक १९७१ पासून निघत होते आणि त्यातील पुरुषांची रूपे बीएलपेक्षा फार निराळी होती. टीकेचे सर्वांत नेमके लक्ष्य ठरले ते जुन्या बीएलमधील एक ठरीव वाक्य, 'मी समलिंगी नाही, मला फक्त तू आवडतोस'. प्रेमाची थोरवी सांगण्यासाठी वापरलेले हे वाक्य समलिंगी असणे म्हणजे काहीतरी कमीपणाचे, असे नकळत सुचवत होते. संशोधक मिझोगुची आकिको यांनी २०१५ मधील आपल्या ग्रंथात बीएलच्या उत्क्रांतीची मांडणी करताना दाखवले आहे की, या शतकातील अनेक लेखिकांनी हे वाक्य मागे टाकले आणि प्रत्यक्षातल्या समाजाच्या एक पाऊल पुढे असलेला समाज आपल्या कथांत रंगवायला सुरुवात केली.

ओताकू प्रेमकथांना यातली एक अडचण अजून सुटलेली नाही, असे मला वाटते. छंद उघड होण्याची भीती आणि आपण समलिंगी आहोत हे उघड होण्याची भीती, या दोन भीती अशा कथांत शेजारी शेजारी ठेवल्या जातात, आणि पुष्कळदा पहिलीच दुसरीचेही काम करते. बॅग उपडी होते, बिल्ला दिसतो, नायक घामाघूम होतो आणि आपण हसतो. कारण बिल्ल्याचे रहस्य फुटले तर फार तर चेष्टा होईल. दुसरे रहस्य असे फुटले तर काय होते ते जपानी वाचकाला चांगले माहीत आहे. दुसऱ्याच्या लैंगिकतेविषयी त्याच्या संमतीवाचून इतरांना सांगणे, ज्याला 'आउटिंग' म्हणतात, त्याला मनाई करणारा स्थानिक नियम तोक्यो महानगर प्रदेशातील कुनिताची शहराने २०१८ मध्ये लागू केला, तो काही उगीच नव्हे. सुमार लेखक छंदाची लाज दूर झाली की दुसरीही आपोआप दूर झाली असे दाखवून मोकळा होतो. जाणता लेखक दोन्ही वेगळ्या ठेवतो. त्याच्या कथेतील नायक तिसऱ्याच प्रकरणात सहकाऱ्यांना आपल्या ओशीचे नाव सांगून मोकळा होतो, पण सुट्टीत कोणाबरोबर फिरायला गेलो होतो हे दहाव्या प्रकरणातही त्याला सांगता येत नाही, आणि कथेचा हलका सूर न बिघडवता हे अंतर दाखवणे हीच कसोटी असते. अलीकडे समलिंगी पुरुषही बीएलचे वाचक आणि लेखक म्हणून दिसू लागल्याने अशा कथा वाढल्या आहेत, ही चांगली गोष्ट आहे.

जपानी प्रेमरीतीतील एक प्रथा माहीत नसेल तर या कथांचा मध्यभाग अनाकलनीय वाटतो. तेथे नाते बहुधा हळूहळू 'होऊन जात' नाही; एकाने समोर उभे राहून 'मला तू आवडतोस, माझ्याशी नाते जोडशील का' असे विचारायचे आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचे, हा 'कोकुहाकु'चा विधी झाला की नाते सुरू झाले असे मानतात. दोन पुरुष दर रविवारी अकिहाबारात, म्हणजे तोक्योतील अ‍ॅनिमे-मांगाच्या दुकानांच्या भागात, फिरत असतील, एकमेकांच्या घरी राहून रात्रभर मालिका पाहत असतील, तरी कोकुहाकु झाले नाही तोवर ते मित्रच. आणि एकत्र छंद जोपासणाऱ्यांच्या बाबतीत ही संदिग्धता कितीही लांबवता येते, कारण प्रत्येक भेटीला छंदाचे कारण तयारच असते.

कोकुहाकुनंतर पुढे काय, याचे उत्तर मात्र कायदा ठरवतो. जपानच्या राष्ट्रीय कायद्यात समलिंगी विवाहाला मान्यता नाही. तोक्योच्या शिबुया विभागाने २०१५ मध्ये समलिंगी जोडप्यांना प्रमाणपत्रे देण्यास सुरुवात केली, संपूर्ण तोक्योसाठी तशी व्यवस्था नोव्हेंबर २०२२ मध्ये आली, आणि विवाहास नकार देणे घटनेशी विसंगत असल्याचा निर्णय साप्पोरोच्या जिल्हा न्यायालयाने १७ मार्च २०२१ रोजी दिला. पण प्रमाणपत्राने वारसाहक्क मिळत नाही आणि निर्णयाने कायदा बदललेला नाही. म्हणून आजच्या काळात घडणाऱ्या या कथांतील शेवटचा मोठा प्रसंग अनेकदा लग्नाऐवजी घर भाड्याने घेण्याचा असतो. दोन पुरुषांना एकत्र घर देण्यास घरमालक कांकूं करतो, दलाल 'भाऊ आहात का' असे विचारतो, आणि करारावर कोणाचे नाव घालायचे यावर पान-दोन पाने जातात. नंतर सामान लागते. दोघांकडेही एकाच मांगाचा संपूर्ण संच असल्याचे लक्षात येते आणि समजूतदार योक्या त्यातला एक विकून टाकू असे सुचवतो. मुरलेला ओताकू त्याला शांतपणे समजावतो की एक संच वाचण्यासाठी असतो, एक जपून ठेवण्यासाठी असतो, आणि इतरांना वेड लावण्यासाठी उसना द्यायचा तिसरा संच आता विकत घ्यावा लागणार आहे.